वडिलांच्या कॅमेऱ्यातलं बालपण: घरगुती फोटो इतिहासाचं साधन म्हणून कसे वाचायचे?

पीएच.डी.चा आराखडा लिहिताना साधनांच्या यादीत आपण काय लिहितो? दप्तरं, वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार, चरित्रं-आत्मचरित्रं, सरकारी अहवाल. ‘छायाचित्रे’ हा शब्द आलाच तर अगदी शेवटी येतो. प्रबंध लिहून झाला की परिशिष्टात चार फोटो लावायचे, एवढंच त्यांचं काम. पण तुम्ही कुटुंबाचा, बालपणाचा, स्त्रियांचा किंवा मध्यमवर्गाचा इतिहास घेणार असाल, तर घरातल्या कपाटात पडलेले फोटो तुम्हाला टाळता येणार नाहीत. आणि घरगुती फोटोंत सगळ्यात जास्त संख्येने असतात ती लहान मुलं.

म्हणून आजच्या लेखात एकच प्रश्न घेऊ या. आई किंवा वडील हौसेने आपल्या मुलांचे रोजच्या आयुष्यातले फोटो काढतात. असा संग्रह पुढे संशोधकाच्या हाती येतो, तेव्हा तो नेमका कशाचा पुरावा असतो? मुलांच्या बालपणाचा, की फोटो काढणाऱ्याच्या नजरेचा? उत्तर ‘दोन्हींचा’ असं पटकन देता येतं, पण तेवढ्याने भागत नाही. कुठला भाग कशाचा पुरावा आहे, हे वेगळं करता आलं पाहिजे. त्यासाठी दोन उदाहरणं बघू: एक लंडनमधलं, एक आपल्या देशातलं.

आधी तंत्र, मग अर्थ

पहिला नियम असा की फोटोचा अर्थ लावण्याआधी तो कुठल्या तंत्राने काढला ते शोधायचं. हे सोडून दिलं की निष्कर्ष हमखास चुकतात.

छायाचित्रणाची जाहीर घोषणा १८३९ ची. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४० च्या दशकातच आपल्या घरच्या मंडळींचे, लहान मुलींचेही फोटो काढले. म्हणजे मुलांचे फोटो काढायची हौस जवळजवळ कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. पण तेव्हा फोटो निघेपर्यंत समोरच्याला बराच वेळ न हलता बसावं लागे. १८५१ मध्ये ओल्या काचेची, कोलोडियनची पद्धत आली आणि हा वेळ काही सेकंदांवर आला. मोठ्या माणसाला काही सेकंद म्हणजे काहीच नाही. दीड वर्षाच्या पोराला मात्र ते अशक्य! म्हणून त्या काळातल्या स्टुडिओतल्या काही फोटोंत एक विचित्र गोष्ट दिसते. बाळ खुर्चीत बसलेलं आहे आणि मागे कापडाने झाकलेला एक आकार आहे. तो आकार म्हणजे बाळाला धरून बसलेली बाई, बहुतेक वेळा आईच. तिने बाळाला स्थिर धरायचं, पण स्वतः फोटोत दिसायचं नाही.

आता समजा, कुणी असा निष्कर्ष काढला: ‘एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत मुलं हसत नाहीत, त्यावरून तेव्हाचं बालपण कडक शिस्तीचं होतं.’ शिस्त असेलही. पण हा फोटो तिचा पुरावा नाही. हसू टिकवून धरणं अवघड होतं, आणि फोटोसाठी गंभीर चेहरा करायचा हा संकेतही होता. तंत्र आणि संकेत बाजूला काढल्यावर जे उरतं, तेवढ्यावरच आपलं विधान उभं करायचं.

पुढचा मोठा बदल १८८८ चा. ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला मिळू लागला. त्यात १०० फोटोंचा रोळ आधीच भरलेला असे. रोळ संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवीन रोळ भरून परत पाठवत. अंधारी खोली आणि रसायनं यांतून घरचा माणूस सुटला. १९०० मध्ये ब्राउनी कॅमेरा आला, किंमत एक डॉलर, आणि त्याची जाहिरात चक्क मुलांसाठी केली गेली. रांगणारं मूल, अंगणातला खेळ, जेवणाचं टेबल असे ‘सहज’ फोटो मोठ्या संख्येने दिसू लागतात ते यानंतर. तेव्हा ‘विसाव्या शतकात आईवडील मुलांकडे जास्त लक्ष देऊ लागले’ असं फोटोंच्या संख्येवरून म्हणायचं असेल, तर आधी कॅमेऱ्याच्या किमतीचा हिशेब मांडा.

फाटलेले कोपरे काय सांगतात?

आता पहिलं उदाहरण. लेडी क्लेमेंटिना हावर्डन, जन्म १८२२. तिला दहा मुलं झाली, त्यातली आठ जगली. आयर्लंडमधल्या डंड्रम इथल्या जहागिरीवर असताना तिने फोटो काढायला सुरुवात केली आणि १८५९ मध्ये कुटुंब लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात राहायला आल्यावर घरातल्या खोल्यांनाच स्टुडिओ केलं. खिडकीतून येणारा उजेड, एक आरसा, पडदे, चांदण्यांची नक्षी असलेला भिंतीचा कागद आणि समोर तिच्या मुली. १८६३ आणि १८६४ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या प्रदर्शनांत तिला पदकं मिळाली. १८६५ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ती गेली.

१९३९ मध्ये तिच्या नातीने ७७५ फोटो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिले. त्यातल्या कित्येक फोटोंचे कोपरे फाटलेले किंवा कापलेले आहेत. कारण साधं आहे: ते अल्बममध्ये चिकटवलेले होते आणि तिथून उपटून काढले गेले.

संशोधक म्हणून इथे थांबा. फोटो वाचले, पण अल्बम गेला. कुठल्या फोटोशेजारी कुठला होता, खाली नाव-तारीख होती का, पहिल्या पानावर कोण होतं, हे सगळं त्या फाटण्याबरोबर गेलं. अल्बम हे कुणीतरी विचार करून लावलेलं कथन असतं. सुटे फोटो म्हणजे त्या कथनातले विस्कटलेले शब्द. त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांना मुलींची वयं, खोलीतलं सामान, फोटोंचे आकार अशा खुणांवरून क्रम लावावा लागला. खोली तीच असली तरी टेबल बदलतं, पडदा बदलतो, मुलगी उंच होते. काळ ठरवायची ही पद्धत तुम्हालाही उपयोगी पडेल, कारण आपल्याकडच्या घरगुती फोटोंवर तारखा क्वचितच असतात.

दुसरी गोष्ट शीर्षकांची. हावर्डनने प्रदर्शनात हे फोटो ‘जीवनावरून केलेले अभ्यास’ अशा अर्थाच्या नावाखाली मांडले. मुलींची नावं त्यात नाहीत. म्हणजे घरात ती ‘माझी मुलगी’ आहे आणि प्रदर्शनात ‘एक अभ्यास’. एकाच फोटोचे दोन वापर आणि दोन अर्थ. मुलींना त्यातला कुठला पटत होता, हे फोटोतून कळत नाही. आपला मूळ प्रश्न इथून गंभीर होत जातो.

उमरावसिंग शेरगिल: फोटो जपणारा बाप

चित्रकार अमृता शेरगिल तुम्हाला माहीत आहे. तिचे वडील उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) हे मजिठिया घराण्यातले सरदार, संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक आणि हौशी छायाचित्रकार. पोटासाठी त्यांना फोटो काढावे लागत नव्हते. कित्येक दशकं ते स्वतःचे, पत्नीचे आणि मुलींचे फोटो काढत राहिले.

१९१२ मध्ये लाहोरला त्यांचं लग्न मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिकेशी झालं. अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टमधला. धाकटी इंदिरा १९१४ ची. पहिल्या महायुद्धामुळे कुटुंब हंगेरीतच अडकलं आणि १९२१ मध्ये भारतात, सिमल्याला आलं. १९२९ मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी पॅरिस आणि १९३४ च्या अखेरीस परत भारत. या सगळ्या मुक्कामांत वडिलांचा कॅमेरा सोबत आहे. मुली लहान आहेत, मोठ्या होत आहेत, नटल्या आहेत, आईबरोबर आहेत, पियानोपाशी आहेत आणि शेवटी अमृता चित्रफलकासमोर आहे.

या फोटोंतून काय मिळतं? कपडे मिळतात, सामान मिळतं. एकाच घरात हंगेरियन आणि पंजाबी वळणं कशी शेजारी-शेजारी नांदत होती ते मिळतं. मुलींना कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय किती लहानपणी लागली तेही मिळतं. पुढे स्वतःची चित्रं रंगवणारी अमृता लहानपणापासून ‘बघितली जात’ होती, ही गोष्ट कलेच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटणारच. आणि वडिलांबद्दलही बरंच मिळतं. त्यांनी स्वतःचेही असंख्य फोटो काढले. त्यांत पुस्तकांमध्ये बसलेला विद्वान आहे आणि उपवासाने कृश झालेलं उघडं शरीरही आहे. घरच्यांकडे बघणारा हा माणूस स्वतःकडेही तितक्याच निरखून बघत होता.

काय मिळत नाही? मला पाहायला मिळालेल्या हंगेरीतल्या बालपणाच्या फोटोंत महायुद्ध नाही. कुटुंब युद्धामुळे अडकलं होतं हे आपल्याला दुसऱ्या साधनांमधून कळतं. घरातले ताणही या फोटोंत दिसत नाहीत. बापाने काढलेल्या फोटोत घर नीट लावलेलं असतं. म्हणून आता फोटोंशेजारी पत्रं ठेवू या.

जपलेले फोटो, जाळलेली पत्रं

अमृताची पत्रं पुढे तिचा भाचा, म्हणजे इंदिरेचा मुलगा, चित्रकार विवान सुंदरम यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांत दोन प्रसंग येतात. पहिला १९३४ चा. अमृताला भारतात परतायचं होतं आणि वडिलांना ते फारसं मंजूर नव्हतं. तिच्या वागण्याने घराण्याच्या नावाला बोल लागेल ही त्यांची काळजी होती. अमृता दुखावली आणि तिने वडिलांना तसं स्पष्ट लिहिलं.

दुसरा प्रसंग १९३८ चा. लग्नासाठी ती हंगेरीत असताना आईवडिलांनी सिमल्याच्या घरातली तिची पत्रं जाळून टाकली. तिला आलेली, तिने जपून ठेवलेली पत्रं. जवाहरलाल नेहरूंची पत्रंही त्यात गेली. हे कळल्यावर तिने वडिलांना लिहिलं, आणि त्यात राग आणि दुःख दोन्ही आहे.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. याच घराने मुलीचं बालपण काचेवर आणि कागदावर इतक्या मायेने जपलं, आणि याच घरात ती पंचवीस वर्षांची असताना तिने स्वतः जपलेला आयुष्याचा पुरावा जाळला गेला. यातून ‘बाप खोटा प्रेमळ होता’ असा अर्थ काढू नका. ते प्रेम खरंच असावं. मुद्दा वेगळा आहे. घरातला संग्रह कोण तयार करतो, काय ठेवायचं आणि काय नाही हे कोण ठरवतं, हा अधिकाराचा प्रश्न आहे. मुलांच्या फोटोंचा संग्रह मुलांविषयी असतो, पण मुलांनी केलेला नसतो. तुमच्या प्रबंधात ‘बालपण’ हा शब्द वापरताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागेल.

अमृता ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला वारली, अठ्ठाविसाव्या वर्षी. आईने १९४८ मध्ये आत्महत्या केली. या फोटोंकडे आज बघताना आपल्याला पुढचं सगळं माहीत असतं आणि लहान मुलीच्या डोळ्यांत आपण ते शोधू लागतो. हा मोह आवरायचा. फोटो काढला त्या क्षणी पुढचं कुणालाच माहीत नव्हतं, ना बापाला ना मुलीला. विवान सुंदरम यांनी २००१ पासून याच जुन्या फोटोंचे तुकडे जोडून नवीन छायाचित्रं रचली. त्यांत वेगवेगळ्या काळातली माणसं एका चौकटीत येतात. कलावंत म्हणून त्यांना ती मोकळीक होती. इतिहासकाराला ती नाही.

आणखी एक सावधगिरी. हे फोटो आज उपलब्ध आहेत, कारण अमृता पुढे प्रसिद्ध झाली, घर सधन होतं आणि पुढच्या पिढीत जपणारं कुणीतरी होतं. ज्या घरांत यातलं काहीच नव्हतं, तिथल्या मुलांचं बालपण या साधनात येत नाही. तेव्हा शेरगिल कुटुंबावरून ‘त्या काळचं भारतीय बालपण’ असं विधान करता येणार नाही.

आपल्याकडच्या अल्बमचं काय?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतल्या सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. पण सर्वसाधारण मराठी घरासाठी फोटो म्हणजे पुढे कितीतरी वर्षं स्टुडिओच होता. मागे रंगवलेला पडदा, बाजूला तिवई, मधे टोपी-कोट घातलेलं घाबरलेलं पोर. कॅमेरा मध्यमवर्गीय घरात आला तो बराच उशिरा. बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक-३ तुमच्या आजोबांच्या कपाटात कदाचित अजून असेल. १२० नंबरचा रोळ आणि त्यात फक्त बारा फोटो.

बारा फोटोंचा रोळ असला की माणूस विचार करून बटण दाबतो. मग फोटो कशाचे निघतात? बारसं, बोरनहाण, पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, गणपतीसमोरची रांग. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ तर ठरलेलंच! रडणारं, आजारी, मार खाल्लेलं मूल क्वचितच सापडतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६५ च्या पुस्तकात दाखवलं होतं की घरात मूल आलं की कॅमेरा येण्याची शक्यता वाढते, आणि फोटो काढणं हे कुटुंबाने स्वतःला ‘एकत्र’ म्हणून पाहण्याचं साधन असतं. हे निरीक्षण फ्रान्सचं आहे. आपल्याकडे ते जसंच्या तसं लागू होतं का, हा चांगला संशोधन प्रश्न होऊ शकतो. एकत्र कुटुंबात कॅमेरा कुणाच्या हातात होता? काकांच्या कॅमेऱ्यात पुतण्या किती आणि स्वतःची मुलं किती? मुलगे किती, मुली किती? पहिल्या अपत्याचे फोटो किती आणि चौथ्याचे किती? हे मोजता येतं. मोजा.

असा अल्बम हातात आला की या क्रमाने जा:

१. फोटो काढून घेऊ नका. आधी प्रत्येक पान जसंच्या तसं टिपून ठेवा, रिकाम्या जागांसह. कोपऱ्यांचे चार त्रिकोण आहेत आणि फोटो नाही, म्हणजे तो कुणीतरी काढला आहे. कोणी आणि का, हे विचारायचं.

२. फोटो सुटा असेल तर पाठ बघा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेलं ‘चि.’, वय, कुणाला पाठवला ते नाव. चिकटलेला असेल तर ओढू नका.

३. फोटो काढणारा कुठे आहे ते शोधा. जमिनीवरची सावली, आरशातलं प्रतिबिंब, मुलाच्या नजरेची दिशा. आणि ज्या अल्बममध्ये एक माणूस कुठेच दिसत नाही, तोच बहुधा कॅमेरा धरून असतो.

४. चौकटीच्या कडेला बघा. बाळाला धरलेला हात कुणाचा? दारात अर्धवट दिसणारी बाई कोण? सांभाळणारी बाई, विधवा आत्या, घरातली मोलकरीण ही माणसं कडेलाच सापडतात, आणि अल्बमखाली त्यांची नावं नसतात.

५. फोटो समोर ठेवून मुलाखत घ्या, आणि ती दोघांची घ्या: ज्याने फोटो काढला त्याची आणि जो फोटोत आहे त्याची. स्वतंत्रपणे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर ती अडचण समजू नका, तीच तुमची सामग्री.

परवानगी कुणाची?

अल्बमचा मालक ‘घेऊन जा’ म्हणाला की आपल्याला वाटतं झालं. पण फोटोतलं ते तीन वर्षांचं मूल आज साठीचं आहे आणि त्याने कधीच हो म्हटलेलं नाही. अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान यांनी आपल्या तीन मुलांचे फोटो १९९२ मध्ये पुस्तकरूपाने छापले. त्यातल्या उघड्या अंगाच्या फोटोंवरून मोठा वाद झाला. आईचा कलावंत म्हणून हक्क मोठा, की मुलांचा स्वतःच्या प्रतिमेवरचा? तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्या प्रबंधात असं टोक येणार नाही कदाचित, पण न्हाणीघरातलं बाळ, मतिमंद भावंड, पुढे घर सोडून गेलेली मुलगी हे फोटो येतातच. तुम्ही ते छापणार, पीडीएफ सगळीकडे जाणार. तेव्हा फोटोतली व्यक्ती हयात असेल तर तिला दाखवा आणि तिच्याकडून लेखी परवानगी घ्या. तिने ‘नको’ म्हटलं तर फोटो छापू नका, आणि मजकुरातही ती ओळखू येणार नाही असं लिहा. पुरावा एकाने कमी होईल. चालेल.

पत्रं जाळली गेल्याचं कळल्यावर अमृता लिहून निषेध नोंदवू शकली, म्हणून आज आपल्याकडे तिची बाजू आहे. बहुतेक मुलांची बाजू अशी लिहिलेली नसते. ती असायला हवी असेल, तर तुम्हालाच जाऊन विचारावी लागेल, आणि विचारायची माणसं दर वर्षी कमी होत आहेत. आराखडा मंजूर व्हायची वाट बघू नका. या सुट्टीत एक अल्बम घ्या, फक्त पहिली दहा पानं घ्या, वरच्या पाच पायऱ्या करून बघा आणि जे सापडेल त्यावर एक पान लिहा. तुमचा संशोधन प्रश्न त्या पानातून निघण्याची शक्यता बरीच आहे.